राखणची चौथी चाल

दर्यापूर
सोमवार, १७ नोव्हेंबर २०१४

प्रिय उज्मा,

शुक्रवारी मी तुला ‘आवाज तुटून राहिला, नंतर बोलू’ म्हणालो, ते खोटं होतं. आवाज स्वच्छ येत होता. तुझ्या मागे कोणीतरी कपात चमचा फिरवत होतं, तेही मला ऐकू आलं. तू विचारलंस की तुझ्या ‘राखण’ या फोनवरच्या खेळाच्या चौथ्या आवृत्तीत क्लॅरोनेट मी वाजवीन का. एकोणतीस तारखेला स्टुडिओ घेतला आहे, चोवीसपर्यंत वादकाचं नाव कंपनीला द्यायचं आहे, आणि मला जमणार नसेल तर पुण्यातला एकजण तयार आहे, हे तू बातम्या वाचाव्यात तसं सांगितलंस. सहा वर्षांत पहिल्यांदा तू माझ्याशी वाजवण्याबद्दल बोललीस आणि मी फोन ठेवून दिला. तेव्हापासून तुझी अम्मी माझ्यावर पाळत ठेवून आहे. आज सकाळी तिनं चहासोबत कागदच समोर आणून ठेवले. म्हणाली, “बोलते नहीं बनता तो लिखो. लिखने में तो तुम बडे थानेदार हो.”

म्हणून लिहितो आहे. मराठीत, कारण शाळा माझीही मराठी आणि तुझीही. घरातली बोली कागदावर घ्यायला गेलो की माझं अक्षर बिघडतं. आणि क्रमानं लिहिणार आहे, तेव्हा मधली पानं उडवून शेवट वाचू नकोस. ती सवय तुला चौथीपासून आहे.

आधी इथली खबर. यंदा पावसानं जुलैच्या मध्यापर्यंत तोंड दाखवलं नाही. सोयाबीनच्या शेंगा चपट्याच राहिल्या, कपाशीचं अजून काही सांगता येत नाही. पण आपल्या भजनी मंडळाचे नत्थुजी, ज्यांच्या शेतात तू हुरडा खायला जायचीस, त्यांनी आठ वर्षांनी दोन एकर ज्वारी पेरली. लोक हसले. नत्थुजी म्हणाले, “हासा लेकहो. ढोरं का सोयाबीनचं कुटार खाऊन दूध देतीन?” ती ज्वारी आता छातीच्या वर आली आहे, दाणे भरले आहेत, आणि अख्ख्या शिवारात दुसरी ज्वारी नसल्यामुळे साऱ्या तालुक्याची पाखरं तिथंच जेवायला येतात. त्यांच्या घरच्या वच्छलाबाई पाखरं हाकायला पुन्हा शेतातल्या माळ्यावर बसतात. बाईंचं वय साठ झालं, पण हाळी तीच. ‘हुर्रेऽ होऽऽ’ अशी वर जाऊन शेवटी खाली वळणारी, चार सुरांची. तुझा सगळा खेळ त्या हाळीतून निघाला, हे माझ्याशिवाय इथं कोणाला ठाऊक नाही. पोरंटोरं फोनवर माळ्यावर बसून गोफण फिरवतात, पाखरं उडवतात, रोह्यांचे कळप हाकलतात, पीक घरी येईपर्यंत सांभाळतात. पण मागे वाजतं ते वच्छलाबाईंचं नरडं आहे, हे त्यांना कुठून कळणार.

पहिली आवृत्ती मी कुठं ऐकली हे तुला माहीत नाही. तुला वाटतं अम्मीच्या फोनवर. नाही. मार्च २००६, जीप स्टँडवर, अकोल्याच्या जीपा लागतात त्या बाजूला. अजहरच्या जीपमध्ये नऊ सवाऱ्या बसल्या होत्या आणि अकरा झाल्याशिवाय तो चावी फिरवणार नव्हता. तोवर फोनवर बोटं चालू. त्यातून ती बारीक टीटीटूटी येत होती. मी म्हणालो, “अरे बंद कर ते पिपाणी, कानात खुपून राहिली.” तो मान वर न करता म्हणाला, “मास्टर, आपकीच बेटी का है. बंद क्या करने बोलते?” मागच्या सीटवरचा एक माणूस, ओळखीचा ना पाळखीचा, हरभऱ्याचं पोतं मांडीवर धरून तीच चाल शिटीवर वाजवत होता. माझ्या बँडनं त्या स्टँडवरून इतक्या वराती नेल्या, पण पोतं धरलेल्या माणसानं आमची चाल शिटीवर घेतलेली मला आठवत नाही. जीपमध्ये बसून अकोल्याला गेलो, ढोलाची चामड्याची पानं घेतली आणि परत आलो.

तेव्हाचं माझं मत खरं ते लिहितो. मला ते पिंजऱ्यातली चिमणी फडफडावी तसं वाटलं. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्या फोनातून एका वेळी एकच सूर निघायचा, दुसरा निघण्याची सोयच नव्हती, आणि तरी मला दोन ऐकू येत होते. वर हाळी आणि खाली धरलेला षड्ज. तीन दिवस विचार केल्यावर उलगडलं. तू खालचा सूर आणि वरचा सूर इतक्या झपाट्यानं आळीपाळीनं वाजवत होतीस की कानाला वाटावं दोघंही तिथंच बसले आहेत. एकटा पोऱ्या दोन गिऱ्हाइकांना चहा देतो, दोघांनाही वाटतं तो आपल्याच टेबलाचा आहे, तसं. हे तुला कोणी शिकवलं नव्हतं. मलाही आयुष्यात कोणी काही शिकवलं नाही, म्हणून मला त्याची किंमत कळली. पण मी तुला ते कळवलं नाही. माझ्या वहीत मात्र तारखेसह लिहिलं आहे.

आणि त्या आवृत्तीतला सूर माझ्या पेटीदुरुस्तीच्या दुकानातला होता, हेही मला तिथंच कळलं. २००४ च्या दिवाळीत तू दहा दिवस माझ्या पेटीपाशी बसली होतीस. फोनमध्ये एक आकडा टाकायचा, तो टीं करायचा, पेटीची पट्टी दाबायची, दोघांमधली थरथर ऐकायची, आकडा बदलायचा. दोन सूर अगदी जवळ आले की हवेत लाट उठते आणि ते एक झाले की ती थांबते, हे तू नऊ वर्षांची असताना मी तुला रीडवर कानस फिरवत दाखवलं होतं. तू एकेक आकडा माझ्या पेटीला जुळवून घेऊन गेलीस. आपल्या बँडचा ढोलवाला शाकीब चाचा तुला चिडवायचा, “बेबी, फोन कू भी ट्यूनिंग लगती क्या?” तू म्हणायचीस, “लगती. अब्बा की.”

त्या सालांबद्दल थोडं लिहायला हवं, कारण तुझ्या संगीतात ती सालं आहेत आणि तू पुण्यात कोणाला ती सांगितली नसशील. बँडला वाईट दिवस होते. लग्नं पुढच्या वर्षावर जायची, नाहीतर चाळीस जोडप्यांचं एकत्र लागायचं. चाळीस नवरदेव आणि बँड एक! प्रत्येकाला आपलं गाणं पाहिजे. शेवटी मी जाहीर केलं की प्रत्येकाला अर्धं-अर्धं मिनिट मिळेल, आणि घड्याळ लावून वाजवलं. एक नवरदेव रुसून घोड्यावरून उतरला होता. ते हसण्यासारखं. दुसरं हसण्यासारखं नव्हतं. गावोगाव वरातीच्या रस्त्यावर असं एखादं घर यायचं जिथल्या शेतकऱ्यानं कर्जापायी जीव दिलेला असायचा, तिथं वाजवायचं नसायचं. कोणी सांगत नसे. दार आणि अंगण पाहून कळायचं. मी हात वर केला की शाकीब ढोलावर तळवा ठेवायचा आणि सगळी वरात पावलांच्या आवाजात त्या घरावरून जायची. पुढच्या कोपऱ्यावर हात खाली. काही गावांत तो हात दोनदा वर गेला. तू सुट्टीत आमच्या गाडीत मागे बसून यायचीस. तू काय पाहत होतीस, मी कधी विचारलं नाही.

दुसरी आवृत्ती आली तेव्हा फोन सुधारले होते. सोळा वाद्यं एकदम. आणि तू सोळाच्या सोळा वाजवलीस! घंटा, बासरी, ढोलक, व्हायोलिन, आणखी ते काचेवर थेंब पडल्यासारखं काय होतं ते. नवीन पोरं बँडमध्ये येतात तेव्हा असंच करतात. हातात पिपाणी आली की फुंकायचीच, समोरचा श्वास घेतो आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही. मला राग त्याचा नव्हता. ते वय निघून जातं. राग वेगळाच होता. चाल तीच होती आणि मला ती पडलेली वाटत होती. खाली आलेली. अजहरच्या नव्या फोनवर ऐकून मी त्याला म्हणालो, पोरीच्या कानाला पुण्याचं पाणी लागलं, सूर उतरला तिचा. मला तेव्हा काय ठाऊक की त्या फोनातली वाद्यं जगाच्या पट्टीत होती आणि ती पट्टी तुला बदलता येत नव्हती.

मग जून २००८. तो दिवस दोघांनाही पाठ आहे, पण मी लिहून ठेवतो, कारण आजवर तो लिहिलेला नाही. दुकानात नत्थुजी आणि मंडळाचे दोघेजण पेटी न्यायला आले होते. मी नुकतीच ती जुळवून ठेवली होती. तुझ्याकडे ते आगपेटीएवढं सूर मोजायचं यंत्र होतं. तू ते पेटीवर ठेवलंस, पट्टी दाबलीस, आणि काटा उजवीकडे झुकला. दुसरी पट्टी, तसाच. तू हळूच म्हणालीस, “अब्बा, ये चढी है. सारी की सारी चढी है.” तू हळू बोललीस, हे मी मान्य करतो. मोठ्यानं मी बोललो. आधी यंत्र दुरुस्त करून आण, म्हणालो. आणि ज्यांना फोनात पिपाण्या वाजवून पोट भरायचं आहे त्यांनी सुरावर तोंड उघडू नये, असंही म्हणालो. चार माणसांसमोर. नत्थुजी जमिनीकडे पाहत राहिले. तू यंत्र ओढणीत गुंडाळलंस आणि तीनच्या जीपनं गेलीस. त्यानंतर तू दर ईदला आलीस, शीरखुर्मा केलास, माझ्या गुडघ्याचं औषध आणलंस, आणि गाण्याचा ग काढला नाहीस. नवीन आवृत्ती निघाली की ती अम्मीच्या फोनवर यायची. मी विचारायचो, “क्या भेजी?” ती म्हणायची, “कुछ नहीं, खेल है.” आणि फोन माझ्या उशाशी विसरून जायची. तुझी आई अशी विसरभोळी नाही, हे तुलाही माहीत आहे.

तिसरी आवृत्ती २०११ ची. ती मला मुळीच आवडली नाही. पन्नास व्हायोलिनं, नगारे, माणसांचा कोरस. खरी वाद्यं, खरे वादक, आणि मोठा खर्च झालेला ऐकू येत होता. पण ज्वारीच्या दोन एकरांवर एवढी फौज कशाला? पाखरं गोफणीनं नाही, नगाऱ्यानंच मेली असती. वच्छलाबाईंची हाळी त्यात शोधावी लागत होती. मला वाटतं ते कंपनीनं तुझ्याकडून करून घेतलं. तरी एक मिनिट चाळीस सेकंदांवर सगळे थांबतात आणि एकटी बासरी ते चार सूर घेते, फक्त एकदा. ती जागा तू लपवून ठेवली होतीस. मला सापडली. मी त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, पुन्हा सात वेळा ऐकली.

आता माझी गोष्ट. २००९ मध्ये कीबोर्डाशिवाय कोणी बँड सांगेना, म्हणून ठेल्यावर कीबोर्ड आला. तो आमच्या वाद्यांना लागेना. मी त्याचा सूर बटणानं जवळजवळ टोकापर्यंत चढवला आणि सांगितलं, यंत्र खोटं आहे. पुढच्या वर्षी दुसरं घेतलं, दुसऱ्या कंपनीचं. तेही तेवढंच खोटं निघालं. २०१२ मध्ये तिसरं. बटण चढवताना आकडा पाहिला तर तोच, शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या शंभर भागांपैकी सेहेचाळीस. तिन्ही वेळा सेहेचाळीस. मी ठेल्याशेजारी उभा राहिलो. तीन कंपन्यांनी एकमेकांना न विचारता सारखीच चूक केली असेल, हे माझ्यासारख्या माणसाला पटणं शक्य नव्हतं. चुकलेलं चौथं काहीतरी होतं आणि ते माझ्या हातात होतं.

हा क्लॅरोनेट मी १९८७ मध्ये कामठीच्या एका निवृत्त पलटणवाल्याकडून घेतला. पलटणीची वस्तू म्हणजे अस्सल, यापलीकडे मी विचार केला नाही. तिला प्रमाण मानून मी बँडची सगळी वाद्यं तिच्याशी लावली. कुठं नळी कापली, कुठं झिजवली. पेट्यांच्या रीडा टोकाशी कानसून चढवल्या. तालुक्यातली प्रत्येक पेटी माझ्या हाताखालून गेली, भजनी मंडळाच्या, शाळेच्या, दर्ग्यावरच्या कव्वालांची सुद्धा. माझं नाव होतं ना! रेडिओ उतरलेला वाटायचा तर मी म्हणायचो सेल कमी झाले. २०१२ च्या डिसेंबरात मी कामठीला गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या बँडमास्तरनं वाद्य हातात घेऊन न फुंकताच सांगितलं की ब्रिटिशांच्या जुन्या पलटणींची पट्टीच चढी असायची. पुढे ती खाली आणली आणि जुनी वाद्यं विकून टाकली. “आपको किसीने बताया नहीं?” असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, नाही. हेही खोटंच.

पंचवीस वर्षं मी एक अख्खा तालुका जवळजवळ अर्धी पट्टी चढवून ठेवला होता, बेटा. आणि ज्या एका माणसानं मला सांगितलं, त्याला मी तीनच्या जीपनं पाठवलं.

त्यानंतरची दोन वर्षं मी काय करत होतो ते अम्मीनं तुला सांगितलं नाही, कारण मी तिला शपथ घातली होती. क्लॅरोनेटच्या तोंडाजवळची नळी मी शिसवाची नवीन करून घेतली, आधीच्यापेक्षा अकरा मिलिमीटर लांब. लाकूड कातणाऱ्या खरातीवाल्याकडून पाच वाया गेल्या, सहावी बसली. नळी लांबवली की सगळे सूर सारखे उतरत नाहीत. वरचे जास्त, खालचे कमी. मग खालच्या एकेका भोकाच्या वरच्या कडेला आतून मेणाचा पातळ थर द्यायचा, वाजवायचं, मोजायचं, नखानं खरवडायचं. उन्हाळ्यात मेण मऊ पडलं आणि सगळं पुन्हा केलं. यंत्र तुझ्यासारखंच घेतलं, आगपेटीएवढं. आता काटा मधोमध उभा राहतो. एकच सूर, खालचा धैवत, अजून जरा चढा बोलतो. त्याला ओठ सैल सोडून धरावं लागतं. तो मला माहीत आहे आणि मी त्याला माहीत आहे.

पेट्याही उतरवतो आहे. तालुक्यात माझ्या हातच्या एकोणीस, त्यातल्या चौदा झाल्या. चढवताना रीड टोकाशी घासली होती, उतरवायला बुडाशी घासायची. धातू आधीच पातळ, हात जरा जड पडला तर रीड जाते. पहिली नत्थुजींची घेतली. त्यांना जाऊन सांगितलं की माझी चूक होती, पेटी पहिल्यापासून चढी आहे. मला वाटलं माणूस दुखावेल. नत्थुजी म्हणाले, “म्हंजे मास्तर, मी वीस वर्सं उगाच बोंबललो काय? माह्या नरड्याच्या शिरा तुटून राह्यल्या होत्या, अन् मले वाटे म्हातारपन आलं!” आतून वच्छलाबाई ओरडल्या, “मी तं कवाची म्हनून राह्यली, हे भजन नोहे, रोही हाकलून राह्यले!” मग नत्थुजी पेटी घेऊन बसले आणि वरचा सूर सहज लागला तेव्हा लहान पोरासारखे माझ्याकडे पाहून हसले. सत्तरीचा माणूस. पुन्हा तोच सूर घेतला, पुन्हा हसले. मंडळात आता तीन नवीन माणसं आली आहेत, आधी गळा पोचत नव्हता म्हणून लांब राहत होती.

तर हे झालं होतं आणि मला वाटत होतं, आता ईदला तू आलीस की एक दिवस सहज क्लॅरोनेट काढीन, तू ऐकशील, तुला कळेल, आणि मला तोंडानं काही सांगावं लागणार नाही. असा माझा बेत. तेवढ्यात गेल्या महिन्यात अम्मीच्या फोनवर चौथ्या आवृत्तीचा नमुना आला आणि ती तो माझ्या उशाशी विसरून गेली.

मी फोन घेऊन नत्थुजींच्या शेतात गेलो, बांधावर बसलो, कानात वायरी घातल्या. उज्मा, मी तुझी तारीफ करायला बसलो नाही, मी जे ऐकलं ते नोंदवतो. सुरुवातीला काहीच नाही, वारा. किती वेळ! मला वाटलं फोन बंद पडला. मग खेळातलं पहिलं पाखरू उतरतं तेव्हा एक टाळ, नुसता घासल्यासारखा. पाखरं वाढली की वाद्यं वाढतात, उडाली की एकेक कमी होतं. अम्मीनं खेळून दाखवलं (ती पार वाईट खेळते, तिचं अर्धं पीक पाखरं खातात) तेव्हा तिचं संगीत वेगळं झालं आणि मी खेळलो तेव्हा माझं वेगळं. म्हणजे तू चाल बांधलेली नाहीस. वरातीपुढं चालणाऱ्या मास्तरासारखी मागे पाहून हात हलवते आहेस. सोळा वाद्यांच्या पोरीला इथवर यायला सात-आठ वर्षं लागली. आणि मग कडेचं ते पडीक वावर येतं, जिथं कोणी पेरलेलं नाही आणि खोपीचं दार उघडं आहे. माळ्यावरून उतरून तिकडे गेलो की सगळी वाद्यं थांबतात. पावलं ऐकू येतात. पुढच्या धुऱ्यावर, बांध ओलांडला की, वाद्यं पुन्हा सुरू होतात. मी वायरी काढून ठेवल्या. वच्छलाबाईंनी माळ्यावरून विचारलं, “काहून मास्तर, काय झालं?” मी म्हणालो, माझ्या पोरीनं हात वर केला.

शेवटी पीक निघतं तिथं तू बावीस सेकंद रिकामी ठेवली आहेस. खाली एकच धरलेला सूर, वर काही नाही. ती जागा क्लॅरोनेटची आहे हे सांगायची गरज नव्हती. घरी आलो, दार लावलं, माझा दोन वर्षं घासलेला, मेण लावलेला, काट्यावर उभा राहणारा क्लॅरोनेट काढला आणि तुझ्या सुरावर पहिला सूर ठेवला. हवेत लाट उठली. थरथर. मी घाबरलो, वाटलं, माझं सगळं फुकट गेलं. यंत्र काढलं. क्लॅरोनेट बरोबर. मग यंत्र तुझ्या फोनाजवळ धरलं. काटा उजवीकडे. पुन्हा पाहिलं, टाळ सोडून सगळी वाद्यं एकेक करून मोजली. सेहेचाळीस. सगळी. माझ्या जुन्या क्लॅरोनेटच्या पट्टीला तू अख्खा खेळ चढवून ठेवला आहेस, एक भागही इकडेतिकडे नाही. त्या पट्टीत पुण्यातला कोणता वादक वाजवेल? असा कोणी तयार नाहीच, खरं ना? तू माझ्यासाठीच जागा केलीस, मला काही कळू न देता, कबूल करायला न लावता. माझ्या क्लॅरोनेटशी जुळवून घ्यायला अख्ख्या बँडनं जे केलं ते तू एकटीनं पुण्यात बसून केलंस.

शुक्रवारी फोनवर म्हणूनच माझी वाचा बसली. ‘हो’ म्हणालो असतो तर तिथं येऊन माझा खाली आणलेला क्लॅरोनेट त्या सुरात बसला नसता, आणि ‘पट्टी बदल’ म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. ते मी आता सांगितलं आहे, तारखा घालून, सही करून. २००८ मध्ये तू बरोबर होतीस आणि मी चार माणसांसमोर चूक होतो. हा कागद तू कंपनीत कोणालाही दाखव. पत्र स्पीड पोस्टानं जातं आहे, गुरुवारपर्यंत मिळेल. तुझ्याकडे आठ दिवस राहतात, तेवढ्यात काम होईल ना? चोवीसला माझं नाव दे. अठ्ठावीसच्या सकाळी मी अकोल्याहून गाडीत बसतो, अम्मीही येते आहे. त्या खालच्या धैवतावर काटा हलला तर काचेमागून मला थांबव, सगळ्यांसमोर थांबव, मी पुन्हा घेईन. पण त्याआधी तुझी सगळी वाद्यं खाली आण, बेटा, सेहेचाळीसच्या सेहेचाळीस. मी केव्हाचा खाली येऊन तुझी वाट पाहतो आहे.

तुझाच,
अब्बा